थायरॉइड, अर्धशिशी आणि चक्कर : ताईच्या आजारात मी कुठे चुकलो

ओपीडीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा संवाद होतो. समोर बसलेल्या बाई पिशवीतून रिपोर्टची फाइल काढतात, टीएसएचच्या आकड्याखाली पेनाने मारलेली रेघ दाखवतात आणि विचारतात, "डॉक्टर, डोकं दुखतंय, चक्कर येतेय, हे सगळं थायरॉइडमुळेच ना?" पूर्वी मी मान डोलावून मोकळा व्हायचो. आता मी पेन खाली ठेवतो आणि उलट विचारतो, "चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं?"

ही सवय मला कॉलेजात लागली नाही. माझ्या मोठ्या बहिणीने सव्वा वर्ष त्रास काढला, तेव्हा लागली. त्या सव्वा वर्षात तिचा डॉक्टर भाऊ रोज फोनवर उपलब्ध होता, आणि तरीही तिचं निदान चुकत राहिलं. तिला विचारूनच हे लिहितोय. ती म्हणाली, "लिही, पण माझं वजन किती वाढलं होतं ते लिहू नकोस."

ताई नागपूरला असते, मी साताऱ्यात. ती शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. अर्धशिशी तिला कॉलेजपासूनच. आमच्या आईलाही होती. डोक्याला फडकं घट्ट बांधून, कपाळावर सुंठेचा लेप लावून आई माजघरात अंधारात पडलेली असायची, आणि आम्हाला रेडिओ न लावण्याची ताकीद असायची. त्यामुळे ताईचं डोकं दुखणं घरात कुणाला नवीन नव्हतं. महिन्यातून एकदा, पाळीच्या आसपास, उजवी बाजू ठणकायची, मळमळायचं, उलटी झाली की ती झोपायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायची.

सेहेचाळिसाव्या वर्षी मात्र दुखण्याची तऱ्हा बदलली. आता डोकं रोजच जड असायचं, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं. त्यात ठणका नव्हता, पण सुटकाही नव्हती. वजन वाढलं, केस गळायला लागले, पोट साफ होईना, दुपारच्या तासाला उभं राहवेना. आणि चक्कर. गणपतीच्या सुमाराला तिने तिथल्या डॉक्टरांना दाखवलं, रक्त तपासलं. टीएसएच १४.८, टी-फोर कमी, अँटी-टीपीओ अँटिबॉडी भरपूर. रिपोर्ट तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मी तो उघडला आणि, खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सगळ्या तक्रारींना एकच उत्तर मिळालं होतं. मी फोन करून सांगितलं, "ताई, काळजी करू नको, थायरॉइड आहे. गोळी सुरू झाली की सगळं जाईल."

यातला पहिला भाग बरोबर होता.

आपल्याकडे बायका म्हणतात, "माझा थायरॉइड वाढलाय." बहुतेक वेळा त्यांना सांगायचं असतं की टीएसएच वाढलाय, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा असतो. गळ्यापुढची फुलपाखरासारखी ग्रंथी म्हणजे थायरॉइड. तिच्यावर मेंदूच्या तळाशी बसलेल्या पिट्युटरी ग्रंथीची देखरेख असते. थायरॉइडचं काम मंदावलं की पिट्युटरी मुकादमासारखी हाका मारायला लागते. ती हाक म्हणजे टीएसएच. काम जितकं कमी, तितकी हाक मोठी. ताईच्या बाबतीत काम मंदावण्याचं कारण नेहमीचंच होतं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटली होती. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली या विकाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे.

थायरॉइड कमी असल्यामुळे डोकं दुखतं का? हो, दुखतं. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या वर्गीकरणात या डोकेदुखीला स्वतंत्र जागा आहे. ती बहुधा दोन्ही बाजूंना असते, ठणकत नाही, सतत राहते आणि हार्मोनची पातळी सुधारत जाईल तशी ओसरते. थायरॉइड कमी असलेल्या लोकांपैकी सुमारे ३० टक्क्यांना ती होत असावी, असा अंदाज त्याच वर्गीकरणात दिला आहे. ताईचं रोजचं जड डोकं या वर्णनात अगदी चपखल बसत होतं. महिन्यातून एकदा येणारी जुनी अर्धशिशी मात्र बसत नव्हती. ती थायरॉइडच्या वीस-पंचवीस वर्षं आधीची.

पण या दोघींचं नातं आहे, आणि ते गमतीचं आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात फर्नाल्ड इथे युरेनियमवर प्रक्रिया करणारा कारखाना होता. त्याच्या आसपास राहणाऱ्या लोकांची प्रकृती कित्येक वर्षं नियमित तपासली गेली. त्यातल्या ८,४१२ जणांच्या २० वर्षांच्या नोंदींवरून सिनसिनाटीच्या संशोधकांनी २०१६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांना आधीपासून डोकेदुखीचा विकार होता त्यांना पुढे थायरॉइड कमी होण्याची शक्यता २१ टक्क्यांनी जास्त निघाली, आणि अर्धशिशीवाल्यांमध्ये ती ४१ टक्क्यांनी जास्त. म्हणजे अर्धशिशी आधी, थायरॉइड नंतर. आकडा मोठा वाटतो, पण अर्धशिशी असलेल्या बहुसंख्य लोकांना थायरॉइड कधीच होत नाही. अर्धशिशीमुळे ग्रंथी बिघडते असंही यातून सिद्ध होत नाही. मी यातून एवढंच घेतो की वर्षानुवर्षं अर्धशिशी असलेली बाई "हल्ली डोकं वेगळंच दुखतंय, थकवा आहे" म्हणाली, तर टीएसएच करून बघावा. उलट बाजूनेही अनुभव असा की थायरॉइड कमी असताना जुनी अर्धशिशी जास्त वेळा उठते, आणि तो नीट झाला की काहींचे झटके विरळ होतात. विरळ होतात, पण बंद होतातच असं नाही.

तर ताईला लेव्होथायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी टीएसएच ९.६. डोस ७५ केला. टीएसएच १०.९. डोस १००. टीएसएच ८.७. दर वेळी ती रिपोर्ट पाठवायची आणि दर वेळी मी म्हणायचो, "अजून कमी पडतंय, थोडं थांब." डोस वाढूनही आकडा जागचा हलत नाही तेव्हा पहिला प्रश्न असतो, गोळी पोटात कशी जाते? हा प्रश्न मी परक्या पेशंटला न चुकता विचारतो. बहिणीला विचारला नाही. ती गणिताची बाई, शिस्तीची, चुकीची गोळी घेईल कशी, असं मी धरून चाललो होतो.

चक्कर थांबत नव्हती. मानेची असेल म्हणून तिथल्या एका दवाखान्यात मानेचा एमआरआय झाला. त्यात पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती थोडी झिजलेली निघाली आणि गळ्यात पट्टा आला. चाळिशी-पन्नाशीत कुणाचाही एमआरआय केला तर अशी झीज दिसतेच. तिच्यावर चक्करेचं खापर फोडणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. सोबत चक्करेची सिनारिझिनची गोळी सुरू झाली ती आठ महिने चालली. तिने अंगावर सुस्ती यायची, आणि ती सुस्तीही आम्ही थायरॉइडच्याच खात्यावर जमा करत होतो.

एक दिवस फोनवर म्हणाली, "मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून ठेवलाय. फळ्यापाशी उभी राहिले की भीती वाटते. मुलांसमोर पडले तर?" मी काय म्हणालो ते मला स्वच्छ आठवतं. "तब्येतीपुढे नोकरी काय मोठी नाही, ताई." समजूतदारपणाचं वाटतं ना? प्रत्यक्षात मी एका न तपासलेल्या पेशंटला नोकरी सोडायचा सल्ला देत होतो.

डिसेंबरात भाचीचा साखरपुडा होता, म्हणून आम्ही सगळे महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला गेलो. रात्री पाणी प्यायला उठलो तर ताई हॉलमधल्या दिवाणावर, पाठीशी तीन उशा रचून, बसल्या बसल्या झोपलेली. गळ्यात पट्टा. मी दिवा लावला तशी ती जागी झाली.

"बसून का झोपलीस?"

"आडवं झालं ना, की पंखा फिरतो."

मी वर बघितलं. नागपूरची डिसेंबरातली थंडी, पंखा बंद होता.

"किती वेळ फिरतो?"

"अर्धा मिनिट असेल. मग थांबतो. उजव्या कुशीला वळले की पुन्हा. म्हणून मग वळतच नाही."

"आणि फळ्यापाशी काय होतं?"

"वर लिहायला मान उचलली की तेच. आता मी अर्ध्या फळ्यावरच लिहिते. वरची तारीख मॉनिटर लिहितो."

माझी झोप पूर्ण उडाली. हे वर्णन एमबीबीएसच्या विद्यार्थ्यालाही ओळखता यावं इतकं ठळक होतं, आणि सव्वा वर्षात मी ते एकदाही ऐकलं नव्हतं. कारण एकदाही विचारलं नव्हतं. ती म्हणायची "चक्कर येते", मी म्हणायचो "थायरॉइड".

मराठीतला चक्कर हा शब्द डॉक्टरला फसवतो. एकाच शब्दात आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. खोली किंवा आपण स्वतः गरगर फिरतोय असं वाटणं, हा खरा व्हर्टिगो. त्याचा उगम बहुतेक वेळा कानाच्या आतल्या भागात नाही तर मेंदूत असतो. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं. ते रक्तदाब, रक्तक्षय, उपाशीपोटीपणा, कधी हृदयाचे ठोके यांच्याकडे बोट दाखवतं. चालताना तोल जाणं तिसरं. फार दिवस दुर्लक्षिलेल्या, खूप कमी झालेल्या थायरॉइडमध्ये लहान मेंदूवर परिणाम होऊन चाल अशी लटपटू शकते, विशेषतः वयस्कर माणसांत. आणि चौथं म्हणजे डोकं नुसतं हलकं, पोकळ वाटणं. थकवा, चिंता, अपुरी झोप, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. थायरॉइड कमी असला की नाडी मंद होते, रक्तक्षय होतो, सुस्ती येते, त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या प्रकाराशी त्याचं नातं सरळ आहे. कूस बदलल्यावर अर्धा मिनिट पंखा फिरतो, त्याला टीएसएचने उत्तर मिळत नाही.

सकाळी, पाहुणे यायच्या आत, मी ताईला त्याच दिवाणावर बसवलं. मानेला हाडाची मोठी भानगड नाही हे एमआरआयमुळे माहीतच होतं. तिचं डोकं उजवीकडे थोडं वळवलं आणि तिला झटकन मागे आडवं केलं, डोकं दिवाणाच्या कडेखाली किंचित लटकेल असं. दाजींना बादली घेऊन शेजारी उभं केलं होतं. दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि तिचे डोळे उजव्या कानाच्या दिशेने, जमिनीकडे पीळ दिल्यासारखे झटके देऊ लागले. वीसेक सेकंद. मग थांबले. या तपासणीला डिक्स-हॉलपाइक म्हणतात. ती १९५२ सालापासून वापरात आहे, तिला यंत्र लागत नाही आणि दोन मिनिटांत होते. एमआरआयला किती पैसे गेले ते दाजींनी नंतर सांगितलं.

आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या पिशवीवर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. वयाने, डोक्याला मार लागून किंवा काहीच कारण नसताना ते सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडतात. डोकं हललं की कण घरंगळतात, नळीतलं पाणी हलतं, आणि मेंदूला निरोप जातो की आपण फिरतोय. याला बीपीपीव्ही म्हणतात. इलाजही हातानेच होतो. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. डोकं आणि अंग ठरावीक क्रमाने वळवत कणांना नळीतून बाहेर, परत मूळ पिशवीत सोडायचं. मी ताईला आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग डाव्या कुशीवर तोंड जमिनीकडे असं वळवलं आणि उठवून बसवलं. तिला उलटी झाली. बादली कामी आली. संध्याकाळी एकदा पुन्हा केलं. त्या रात्री ती आडवी झोपली. सकाळी दाजी म्हणाले, "वर्षभरात पहिल्यांदा घोरली."

(यूट्यूबवर बघून हे घरी करायचा मोह आवरा. कण कोणत्या कानात, कोणत्या नळीत आहेत हे आधी कळलं पाहिजे, आणि मान, रक्तवाहिन्या किंवा डोळ्याचा पडदा यांचा त्रास असेल तर डॉक्टरांनीच करायला हवं. एकदा तपासून घेतलं की घरी करायची पद्धत ते शिकवतात.)

बीपीपीव्हीचा थायरॉइडशी संबंध आहे का, हे ताईने लगेच विचारलं. हाशिमोटो असलेल्यांमध्ये तो जास्त दिसतो असं काही अभ्यासांत आढळलंय, काहींत आढळलेलं नाही. गाठ पक्की नाही. अर्धशिशीवाल्यांमध्ये मात्र तो जास्त आढळतो.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट इथे संपली असती. साखरपुडा आटोपल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी ठेवलेला श्रीखंडाचा रिकामा डबा उघडला. त्यात तिच्या सगळ्या गोळ्या होत्या.

"कशा घेतेस?"

"सकाळी सहाला, चहाबरोबर. सगळ्या एकदम, म्हणजे विसरायला नको."

थायरॉइडची, लोहाची, कॅल्शियमची, आम्लपित्ताची आणि चक्करेची. एका घोटात.

लोह आणि कॅल्शियम लेव्होथायरॉक्सिनला आतड्यातच अडकवून ठेवतात आणि ती रक्तात नीट पोचत नाही. म्हणून या दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. आम्लपित्ताच्या काही गोळ्याही तिचं शोषण कमी करतात. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-कॉफी त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. ताईच्या पोटात १०० मायक्रोग्रॅम जात होते, पण लागू किती होत होते कुणास ठाऊक.

आणि लोह कशासाठी? पाळीत रक्तस्राव फार व्हायला लागला होता, हिमोग्लोबिन ९.४. हे तिने मला सांगितलं नव्हतं. धाकट्या भावाला काय सांगायचं, म्हणून. तिथे मला सगळं चक्र दिसलं. थायरॉइड कमी, म्हणून पाळीत जास्त रक्तस्राव. त्यामुळे रक्तक्षय. रक्तक्षयामुळे डोकं हलकं, उभं राहिल्यावर अंधारी, आणि म्हणून लोहाची गोळी. ती थायरॉइडच्या गोळीबरोबर, म्हणून थायरॉइड कमीच. (पाळी जाण्याच्या वयात एवढ्या रक्तस्रावाची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून वेगळी करून घ्यावी लागते, ती आम्ही नंतर केली. सोनोग्राफीत गाठ वगैरे नव्हती.)

डब्यात तळाशी आणखी एक पाकीट होतं. कॅफिन मिसळलेली डोकेदुखीची गोळी, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली. "ही किती?" ती आठवायला लागली. महिन्यातून बारा-चौदा दिवस. अर्धशिशी असलेल्या माणसाने अशी मिश्र गोळी महिन्यातले दहा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी लावते. साध्या पॅरासिटामॉलसाठी ही मर्यादा पंधरा दिवसांची धरतात. म्हणजे सकाळचं जड डोकं थायरॉइडचं किती आणि या पाकिटाचं किती, हे सांगणं त्या दिवशी अशक्य होतं.

मी तिला एक वही करायला सांगितली. गणिताच्या बाईंनी जुन्या पर्यवेक्षणाच्या वहीत पट्टीने रकाने आखले. तारीख, डोकं, चक्कर, किती वेळ, पाळी, झोप, गोळी. कॅफिनवाली गोळी बंद केल्यावर पहिले दहा दिवस डोकं आणखी दुखलं. ते तसं होणार हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती टिकली. सिनारिझिनही थांबवलं. अशा गोळ्या चक्करेच्या पहिल्या दोन-चार दिवसांपुरत्या ठीक असतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदू तोल सावरायला शिकत नाही, आणि वय जास्त असेल तर हातापायांना कंप, ताठरपणा येऊ शकतो.

दोन महिन्यांनी वहीचे फोटो आले. त्यात मला अपेक्षित नसलेली एक गोष्ट होती. कूस बदलताना येणारी अर्ध्या मिनिटाची चक्कर बंद झाली होती, पण पाच वेळा वेगळीच चक्कर आली होती. चार-पाच तास टिकणारी, बोटीत बसल्यासारखी, उजेड आणि मिक्सरचा आवाज नकोसा करणारी. तीनदा तिच्याबरोबर डोकं दुखलं, दोनदा अजिबात नाही. चतुर्थीचा उपास, अपुरी झोप, पाळीच्या आधीचे दोन दिवस, यांच्या रकान्यांशी ती जुळत होती. मी तिला तिथल्या न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी वही चाळून सांगितलं, व्हेस्टिब्युलर मायग्रेन, म्हणजे अर्धशिशीचीच चक्कर. याचे निकष कानाच्या आणि डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून २०१२ साली ठरवले. चक्करेचे किमान पाच झटके, प्रत्येक पाच मिनिटांपासून ७२ तासांपर्यंतचा, आणि निम्म्या झटक्यांत तरी अर्धशिशीची काही खूण. दर वेळी डोकं दुखायलाच हवं असं नाही. तिथेच लोक फसतात, डॉक्टरही. यासाठी कुठली रक्ततपासणी नाही. वही हीच तपासणी.

नाडी आधीच संथ होती म्हणून त्यांनी प्रोप्रॅनोलॉल टाळलं आणि रात्री अमिट्रिप्टिलीन, अगदी कमी डोसमध्ये, सुरू केलं. अर्धशिशीच्या बऱ्याच औषधांनी वजन वाढतं, झोप येते. फ्लुनारिझिनने तर मन उदासही होतं. थायरॉइडच्या पेशंटला ही लक्षणं दिसली की तो म्हणतो "थायरॉइड पुन्हा वाढला" आणि स्वतःच डोस वाढवतो. तसं करू नका. आधी टीएसएच बघा.

कारण डोस जास्त झाला तरी त्रासच. ताईचंच उदाहरण. गोळी नीट उपाशीपोटी सुरू झाल्यावर तेच १०० मायक्रोग्रॅम पूर्ण लागू पडले आणि दोन महिन्यांनी टीएसएच ०.३ वर उतरला. छातीत धडधड, हात थरथरणं आणि पुन्हा एक प्रकारची चक्कर. डोस ७५ वर आणला. त्यानंतरचा आकडा २.६. आकडा बघायची घाईही कामाची नाही. डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्याआधी रक्त दिलं की पैसे वाया.

रोजचं दाबल्यासारखं डोकं तीन महिन्यांत गेलं. महिन्यातले अर्धशिशीचे दिवस वहीप्रमाणे नऊ-दहावरून तीनवर आले. शून्यावर आले नाहीत, येतील असं मी तिला यावेळी सांगितलंही नव्हतं. हिमोग्लोबिन बारावर गेलं. लोहाची गोळी आता दुपारच्या जेवणानंतर असते आणि श्रीखंडाच्या डब्याऐवजी दोन वेगळ्या डब्या आहेत.

इथे थोडं थांबून एक गोष्ट ठळक सांगायला हवी. ताईला मी दिवाणावर तपासू शकलो, कारण तिची चक्कर जुनी होती आणि बाकी सगळं ठीक होतं. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाच्या दोन वस्तू दिसल्या, हात-पाय लुळा पडला, आधाराशिवाय उभंच राहता येईना, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर टीएसएच, एप्ली, वही, काहीही करत बसू नका. त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलात जा. क्षणार्धात टोकाला गेलेली, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठ होणं, आणि पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, यांनाही "जुनं पित्त" म्हणून घरी ठेवू नये.

एप्रिलमध्ये ताईचा फोन आला. उत्तरपत्रिका तपासत होती. "अर्ज फाडला रे," म्हणाली. मी विचारलं, शाळेत दिला होता का? "छे, टेबलाच्या खणात होता. मुख्याध्यापिका बाई रजेवर होत्या, मग परीक्षा आल्या, राहूनच गेला." डिसेंबरात मुख्याध्यापिका हजर असत्या तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

वर्षभराने बीपीपीव्ही परत आला. तो परत येतो, हे बऱ्याच जणांचं होतं. दक्षिण कोरियातल्या एका मोठ्या चाचणीत, ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते भरून दिल्यावर पुन्हा येण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं. ताईचंही तपासलं, कमी होतं, दिलं. या वेळी तिने मला रिपोर्ट पाठवला नाही. सकाळी सात वाजता फोन करून थेट सांगितलं, "पंखा फिरतोय. अर्धा मिनिट. उजव्या कुशीला. उजेडाचा त्रास नाही, डोकं दुखत नाही, टीएसएच गेल्याच महिन्यात केलाय." मी म्हटलं, तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आजच जा.

"अपॉइंटमेंट घेतलीय," ती म्हणाली. "साडेदहाची. तुला नुसतं कळवलं. आणि शेजारच्या काकूंनाही घेऊन जातेय. त्यांनाही चक्कर येते म्हणतात, वर्षभर थायरॉइडची गोळी चालू आहे. मी विचारलं त्यांना, म्हणजे नेमकं काय होतं?"